एकाचे दोन

पेढी बंद झाली की बार्शीच्या त्या घरात दिवसाचा रोजमेळ वाचला जाई. बिले संगणकावर निघू लागून बरीच वर्षे झाली होती, तरी सासऱ्यांनी लाल बांधणीची चोपडी सोडली नव्हती. धाकटी सून वाणिज्य शाखेची पदवीधर. ती आकडे वाचायची आणि सासरे डोळे मिटून ऐकायचे. तुरीची आवक, ज्वारीचे कट्टे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, जमा, नावे. तिच्या वाचनात कधी एका पैचीही चूक निघत नसे. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि घरातल्या या अर्ध्या तासाची सर्वांनाच सवय जडली होती.

आश्विनातल्या एका संध्याकाळी तिने एकच रक्कम दोनदा वाचली. सासऱ्यांनी डोळे उघडले.

"बेटा, ही रक्कम झाली आता."

"बाबूजी, शेजारच्या रकान्यातही तीच लिहिली आहे."

शेजारी रकानाच नव्हता. पानाची उजवी कड तेथे संपत होती. सासऱ्यांनी चोपडी मिटली आणि तिला आराम करायला सांगितले. तिला तेरावा आठवडा लागला होता, सात आठवडे उलट्यांनी ती अर्धी झाली होती. डोळ्यांपुढे काही वेडेवाकडे दिसले तर नवल ते काय, असेच घरातल्या सर्वांना वाटले.

हे वाटणे किती महागात पडू शकले असते, हे त्या घराला पुढल्या दोन दिवसांत कळले.

उलट्या सहाव्या आठवड्यात सुरू झाल्या तेव्हा कोणी विशेष मनावर घेतले नव्हते. दहा गर्भवतींपैकी सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्या होतातच. सासूबाईंची दोन्ही बाळंतपणे त्यातूनच गेली होती. "आम्हालाही झालं, तिसरा महिना सरला की थांबतं," हे त्यांचे वाक्य खोटे नव्हते. बहुतेकींच्या बाबतीत ते खरेच ठरते. आले घरात वर्ज्य, म्हणून सुंठ उगाळून दिली गेली. लिंबू-साखरेचे पाणी झाले, मऊ पांढरा भात झाला, मैद्याचे टोस्ट झाले. यांतले जे पोटात राहील ते राहू द्यावे, असे धोरण ठरले.

पण या उलट्या निराळ्या होत्या. फोडणीचा वास वरच्या मजल्यावर आला तरी तिला उठून धावावे लागे. पुढे पुढे पाण्याचा घोटही टिकेना. लघवी दिवसातून दोनदा, तीही गडद. लग्नाआधीपासून तिचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर पाणीही नाही आणि सकाळी नवकारसी पाळल्यावरच तोंडात काही. धडधाकट दिवसांत त्या नियमाचे ओझे तिला कधी वाटले नव्हते. आता दिवसभर उलटून पडलेले भरून काढायला रात्रीचे बारा-तेरा तास हाताशी उरत नव्हते. नियम सोडावा असे तिला कोणी सुचवले नाही आणि सुचवले असते तरी तिने ते मानले नसते.

नवव्या आठवड्यात एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि जाऊबाई किंचाळल्या. तिच्या डाव्या डोळ्यातील पांढरा भाग नाकाकडील कडेपासून बुबुळापर्यंत रक्तासारखा लाल झाला होता. त्या दिवशी पेढीवर सासऱ्यांचे लक्ष लागले नाही. पती सौदा अर्धवट टाकून घरी आला. दुपारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दिव्याखाली पाहिले, दृष्टी तपासली आणि घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले. उलटीच्या जोराने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त तेथेच पसरते. दुखत नाही, पाणी येत नाही, दिसण्यात फरक पडत नाही. कातडीखाली काळे-निळे पडावे तसेच हे डोळ्याच्या आवरणाखाली पडते आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरून जाते. घराने सुटकेचा श्वास टाकला. तो लाल डोळा पुढे सांगितल्याप्रमाणेच निवळला.

त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. उलटीच्या त्याच ताणाने कधी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरही रक्तस्राव होतो. तेव्हा बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, पण नजरेच्या मधोमध अचानक काळा किंवा लालसर डाग येतो. तसे झाले तर मात्र त्याच दिवशी यावे. बहुधा तेही रक्त आठवड्या-महिन्यांत शोषले जाते, पण पडदा तपासल्याशिवाय स्वस्थ बसू नये. घरातल्यांनी ते ऐकले आणि काळा डाग हे धोक्याचे चिन्ह म्हणून लक्षात ठेवले. एकाचे दोन दिसणे हेही धोक्याचेच चिन्ह, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही आणि त्यामुळे सांगितलेही गेले नाही.

बाराव्या आठवड्यात वजन ५२ किलोवरून ४५ वर आले. गावातल्या एका दवाखान्यात तीन दिवस ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या गेल्या. पहिल्या दिवशी तिला हुशारी वाटली. तिसऱ्या दिवशी घरी येताना जिना चढताना तिने कठडा दोन वेळा चुकवला. नजरेला काहीतरी होत आहे असे ती पतीला म्हणाली, तेव्हा तो तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. गरोदरपणात चष्म्याचा नंबर थोडा बदलू शकतो, म्हणून बाळंतपणानंतर काही महिने थांबूनच नवा चष्मा करावा, असा सल्ला तेथे मिळाला. सल्ला आपल्या जागी बरोबर होता. प्रश्न मात्र नंबराचा नव्हता. चष्म्याचा नंबर बदलला तर अक्षर पुसट होते, एका अक्षराची दोन स्वच्छ अक्षरे शेजारी-शेजारी उभी राहत नाहीत.

रोजमेळाच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. सून उठून खिडकीशी गेली ती भिंत धरून, पाय फाकवून, बोटीत चालावे तशी. सासूबाईंच्या मनात काहीतरी हलले. त्यांनी सहज विचारावे तसे विचारले.

"बाहेर रस्त्यावर दिवे किती लागलेत ग?"

"दोन, आई."

त्या खिडकीतून एकच खांब दिसत असे.

सासूबाई उठल्या नाहीत, क्षणभर बसूनच राहिल्या. त्यांचे माहेर बीड जिल्ह्यातले. त्या नऊ वर्षांच्या असताना घरात धाकट्या मामी आलेल्या होत्या, चौथा महिना होता, अन्न पोटात ठरत नव्हते. एका रात्री मामी म्हणाल्या, की ओसरीवर दोन कंदील कशाला लावलेत, तेल जळते. कंदील एकच होता. मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी दृष्ट काढली, कोणी बाहेरची बाधा म्हटले. मामी भिंतीला धरून चालू लागल्या, मग माणसांची नावे विसरू लागल्या, मग झोपूनच राहिल्या. पंधरवड्यात गेल्या. त्यानंतर त्या घरात त्यांचे नाव कोणी काढले नाही. 'डोक्यावर परिणाम झाला होता,' एवढेच पुढे पाहुण्यांना सांगितले जाई. त्या मामींना नेमके काय झाले होते, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. पण कंदिलाची ती गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात पन्नास वर्षे राहिली होती.

"गाडी काढा," सासूबाई खाली येऊन म्हणाल्या. सासऱ्यांनी सांगितले की उद्या सकाळी दहाची वेळ घेतलेली आहे. "सकाळ नको," त्या म्हणाल्या. त्या घरात त्यांनी आवाज चढवून काही सांगितल्याचे कोणाला आठवत नव्हते. रात्री साडेनऊला गाडी वैरागमार्गे सोलापूरला निघाली.

सोलापूरच्या रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरांनी फार थोडी तपासणी केली, पण ती नेमकी होती. डोके न हलवता बोटाच्या मागे नजर फिरवायला सांगितली. दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला पुरते वळत नव्हते आणि कडेला गेले की थरथरत होते. एक डोळा झाकला की दुहेरी दिसणे नाहीसे होत होते. म्हणजे डोळा स्वतः ठीक होता, दोन डोळ्यांना एका रेषेत धरणारी व्यवस्था बिघडली होती. पाय जुळवून उभे राहायला सांगितले तेव्हा ती कलली. आज वार कोणता, या प्रश्नावर ती हसली आणि गप्प राहिली. डॉक्टरांनी उलट्या किती दिवस, वजन किती घटले आणि ग्लुकोज कधी लावले, एवढे विचारले आणि परिचारिकेला सांगितले, "आधी थायमिन शिरेतून. ते गेल्याशिवाय ग्लुकोज लावायचे नाही."

थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. अन्नातील पिष्ट आणि साखर जाळून शक्ती करायची, तर प्रत्येक पेशीला ते लागते. गरोदरपणात त्याची रोजची गरज जेमतेम दीड मिलिग्रॅमची, पण शरीर ते फारसे साठवून ठेवत नाही. सारी शिल्लक पंचवीस-तीस मिलिग्रॅमच्या आसपास. भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत ती संपत येते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही गंगाजळी नसलेली पेढी आहे, रोजच्या आवकीवरच तिचे चालते. आवक थांबली आणि त्यात ग्लुकोज आत आले, तर ते जाळण्यात उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. तिला पहिल्या बाटलीने हुशारी वाटली आणि तिसऱ्या दिवशी कठडा चुकला, याचा उलगडा बहुधा इथेच होता.

मेंदूच्या मध्यभागी आणि बुंध्याशी असलेली काही केंद्रे ही टंचाई सर्वांत आधी भोगतात. डोळा बाहेर वळवणाऱ्या मज्जातंतूचे केंद्र त्यांतलेच एक आणि तोल सांभाळणारी केंद्रे त्याच्या शेजारची. म्हणून आधी कडेला पाहताना किंवा दूरचे पाहताना एकाचे दोन दिसतात, डोळे थरथरतात, मग चाल अडखळते, मग मन भ्रमते. चोपडीच्या उजव्या कडेचाच आकडा तिला दोनदा दिसला होता, कारण तेथे पाहायला डोळ्याला बाहेर वळावे लागत होते. तिन्ही लक्षणे प्रत्येकीत एकाच वेळी दिसतील असे नाही, म्हणून एकावरूनही संशय घ्यावा लागतो. मेंदूचे एमआरआय छायाचित्र कधी पुरावा देते, कधी निर्दोष येते. त्यासाठी उपचार थांबवून ठेवत नाहीत.

या आजाराला वेर्निके यांचे नाव आहे. कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने १८८१ साली तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी दोघे अतिमद्यपी पुरुष होते. तिसरी मात्र शिवणकाम करून पोट भरणारी वीस वर्षांची मुलगी होती. तीव्र आम्ल पोटात गेल्याने तिच्या जठराची पुढची वाट आकसली होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. हा आजार दारूचाच, असा समज पुढे रूढ झाला आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. ज्या घरात मद्याचा थेंब येत नाही तेथे तो मनातही येत नाही. पण पहिल्या तीन रुग्णांतच ती मुलगी होती. मेंदूला थायमिन मिळत नाही, ते मद्यामुळे की उलट्यांमुळे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

वेर्निके यांना कारण ठाऊक नव्हते. ते कळायला धान्याच्या वाटेने जावे लागले. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याला १८९० च्या दशकात दिसले, की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. १९२६ साली त्याच कोंड्यातून यान्सेन आणि डोनाथ यांनी ते जीवनसत्त्व स्फटिकरूपात वेगळे केले. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला आणि १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. हे विल्यम्स जन्माने आपल्या नेल्लोरचे.

तिच्या सासऱ्यांची हयात भुसारात गेली होती. मूठभर तूर हातात घेऊन ते तिचा शिवार सांगत. तांदूळ जितका जास्त पॉलिश तितका भाव चढा, हा बाजाराचा नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला. त्या पॉलिशबरोबर गिरणीत जे मागे राहते त्यातच थायमिन असते, हे त्यांनी साठी उलटल्यावर रुग्णालयाच्या बाकावर बसून ऐकले. उकडा तांदूळ करताना ते दाण्याच्या आत मुरते, म्हणून कोकणातली उकड्या तांदळाची पेज पांढऱ्या भातापेक्षा सरस ठरते. अख्ख्या ज्वारीची भाकरी, मूग, मटकी, तूर, तीळ, शेंगदाणे यांतही ते भरपूर असते. कंदमूळ न खाणाऱ्या घराला थायमिनसाठी काही कमी पडत नाही. पण सात आठवडे तिच्या पोटात जे थोडे टिकले, ते पांढरा भात, मैदा आणि साखरपाणी होते. 'व्हिटॅमिनची गोळी चालू आहे' अशी घराची समजूत होती. ती गोळी फॉलिक आम्लाची होती आणि उलटीवरील दुसऱ्या गोळीत ब-६ होते. ब-१ कशातच नव्हते.

मात्र हा आहाराचा दोष आहे असे समजून कोणा गर्भवतीला दोष देऊ नये. ज्या आजारात पाणीही टिकत नाही त्यात भाकरी कशी टिकणार? या आजाराला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम असे नाव आहे आणि तो शंभर गर्भवतींपैकी फार तर तिघींना होतो. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे ही त्याची एक जुनी खूण. तो मनाचा खेळ नाही, सासरी रुळत नसल्याचे लक्षण नाही आणि लाडही नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने दाखवले, की गर्भाकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक या मळमळीचे एक प्रमुख कारण आहे. गर्भ राहण्यापूर्वी ज्यांच्या शरीराला त्याची सवय कमी असते, त्यांना ते अधिक बाधते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजाची मार्गदर्शिका सांगते, की दीर्घकाळ उलट्या होऊन दाखल झालेल्या प्रत्येक गर्भवतीला थायमिन द्यावे आणि ग्लुकोज द्यायचेच असेल तर त्याच्या आधी द्यावे. हे औषध महाग नाही आणि दुर्मीळही नाही. ते आठवणे मात्र वेळेवर व्हावे लागते.

सोलापूरला तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीबाहेर पाहिले आणि पाण्याची टाकी एकच आहे असे सांगितले. डोळे बहुधा असेच लवकर सावरतात, कधी काही तासांत, कधी काही दिवसांत. चाल सावरायला मात्र तिला दोन महिने लागले. पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून काढावे लागले, उलटीवरची औषधे बदलावी लागली. सोळाव्या आठवड्यात पहिल्यांदा वाटीभर मुगाचे कढण टिकले. गर्भ राहिला, हे डॉक्टरांनाही नशिबाचे वाटले, कारण या आजारात पुष्कळदा तो राहत नाही.

घरी आल्यावर एक प्रश्न उरला होता आणि तो तिने स्वतःच काढला. दोन-दोन तासांनी, रात्रीही, घोट-घोट घ्यावे असे डॉक्टरांनी बजावले होते. चौविहाराचे काय? चातुर्मासासाठी साध्वीजी गावात होत्या. सासूबाई दुपारी स्थानकात गेल्या. साध्वीजींनी आज्ञा काही केली नाही. पच्चक्खाणाबरोबरच आगार का सांगितले जातात, एवढे त्यांनी समजावले. आजाराने मनाची समाधी ढळू लागली, तर त्या समाधीच्या रक्षणासाठीची सवलत पच्चक्खाणातच ठेवलेली असते, ती नियम मोडण्याची पळवाट नसते. सासूबाईंनी घरी येऊन सुनेला तेवढेच सांगितले. त्या रात्री अकराला त्यांनी स्वतः उठून तिला उकळून निववलेले पाणी दिले. "हे मी द्यायला आधीच हवं होतं," त्या म्हणाल्या. उलट्या नियमामुळे झाल्या नव्हत्या, नियम नसता तरी झाल्याच असत्या, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्यांचे समाधान पूर्ण झाले नाही. पुढे त्यांनी एक उपवास केला, तो कशाचा हे कोणाला सांगितले नाही.

वैशाखात मुलगी झाली. वजन सव्वादोन किलो, पण आवाज खणखणीत. आई बरी आहे, तरी सारेच पहिल्यासारखे झाले असे म्हणता येणार नाही. अगदी कडेला पाहिले की तिचे डोळे अजून थोडे थरथरतात. जिना उतरताना ती कठडा सोडत नाही. आणि सोलापूरची ती रात्र, त्याआधीचे आठ-दहा दिवस तिला आठवत नाहीत. सासूबाईंनी दिवे विचारले होते, हे तिला इतरांकडून कळले.

सासऱ्यांनी ती पोकळी आपल्या परीने भरून दिली. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनी आश्विनातली चोपडी काढून तिच्यापुढे ठेवली. त्या रात्रीच्या तारखेला त्यांच्या वळणदार अक्षरांत खर्चाच्या बाजूला नोंद होती: सोलापूर प्रवास, डिझेल. तिच्या खाली: औषध, ब-१. रक्कम इतकी लहान होती की तिने ती वाचून सासऱ्यांकडे पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दोनदा लिहिलेली नाही." मग त्यांनी डोळे मिटले आणि त्या दिवसाचा रोजमेळ वाचायला सांगितला.

नात्यात कोणाला दिवस गेले की आता सासूबाईंचा फोन जातो. 'आम्हालाही झालं' हे वाक्य त्यांनी सोडून दिले आहे. त्या तीन गोष्टी विचारतात. पाण्याचा घोट टिकतो का? वजन किती घटले? आणि एकाचे दोन तर दिसत नाहीत ना? पहिल्या दोहोंचे उत्तर वाईट आले, तर त्या सांगतात की डॉक्टरांना ब-१ बद्दल स्वतःहून विचारा, विशेषतः ग्लुकोज लावण्याआधी. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले, तर सकाळपर्यंत थांबू नका असे सांगतात. विसावा आठवडा उलटलेला असेल आणि डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर रक्तदाब त्याच दिवशी पाहायला लावतात. ते दुखणे निराळे, पण तेही थांबत नाही, हे त्यांनी सोलापुरात शिकून घेतले आहे.

लाल डोळ्याबद्दल कोणी घाबरून फोन केला, तर त्या प्रथम धीर देतात. दुखत नसेल आणि स्वच्छ दिसत असेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवावे आणि निश्चिंत असावे. त्यांच्या घरात लाल डोळ्यासाठी पेढी सोडून सगळे धावले होते आणि दोन दिव्यांना थकवा म्हटले गेले होते. हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. आणि माहेरच्या ज्या मामींचे नाव पन्नास वर्षे कोणी घेतले नव्हते, ते नाव त्या आता बोलण्याच्या ओघात आवर्जून घेतात.